पंचनामा कुणाविरुद्ध?

ऑगस्ट २०१९ मधील तो आठवडा आमच्या सीमाभागातील कोणताही माणूस सहजासहजी विसरणार नाही. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन्ही नद्या कोल्हापूरच्या बाजूस सह्याद्रीच्या कुशीत उगम पावतात आणि राज्याची सीमा ओलांडून आमच्या बेळगाव जिल्ह्यात येऊन पुढे कृष्णेला मिळतात. एरवी या सीमेवरून आपण केवढे वाद घालतो! परंतु त्या आठवड्यात पाण्याने ना नाका पाहिला, ना फलकावरची भाषा वाचली. अलीकडची आणि पलीकडची गावे एकाच रात्री एकाच पाण्याखाली गेली.

आमची सरकारी मराठी शाळा थोड्या उंचवट्यावर आहे. त्यामुळे नदीकाठच्या वस्तीतील कुटुंबे शाळेत आली. सातवीच्या वर्गात बाळंतीण, पाचवीच्या वर्गात म्हातारीकोतारी, व्हरांड्यात शेळ्या आणि मैदानात गुरे, अशी आमची शाळा नऊ दिवस भरली. फळ्यावर सुविचाराऐवजी कोणाच्या घरची किती माणसे आली, याची यादी होती. गोव्याकडून, कोकणातून, कोल्हापुरातून चादरी, तांदूळ, बिस्किटे आली. माणुसकीला तोटा पडला नाही, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केलेच पाहिजे.

पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. अर्ज कानडीत आणि माणसे मराठी. तेव्हा ते भरून देण्याचे काम ओघानेच आम्हा शिक्षकांकडे आले. भिंत किती फूट पडली, म्हैस गेली की रेडकू, ऊस किती गुंठे, सोयाबीन किती, भुईमूग किती, असे विचारून मी लिहीत होतो. नुकसानीच्या कारणापुढे सगळीकडे एकच मजकूर लिहायचा होता : नैसर्गिक आपत्ती. रांगेत एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. गावात सारे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी घरातून येताना कागदपत्रे आणली नव्हती, भांडी आणली नव्हती. शाळूच्या बियाण्याचा एक पत्र्याचा डबा तेवढा उराशी धरून आणला होता. माझे लिहून झाल्यावर ते म्हणाले, “गुर्जी, पंचनामा म्हंजे गुन्हा झाल्यावर करत्यात न्हवं? मग ह्यो कुणावर करायल्यात?”

रांगेतील लोक हसले. मीही हसलो. परंतु त्या रात्री रिकाम्या झालेल्या वर्गातील सतरंज्या गोळा करताना तो प्रश्न काही केल्या पाठ सोडीना. पंचनाम्यात नुकसान असते, साक्षीदार असतात, सही-अंगठा असतो. आरोपी मात्र नसतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगाच्या निरनिराळ्या देशांतील साध्या शेतकऱ्यांनी जी एक चळवळ उभी केली आहे, तिचे सार मला या एका प्रश्नात दिसते. पंचनाम्यातील ती रिकामी जागा भरण्यासाठी ही माणसे झगडत आहेत. त्यांची ओळख आपल्या वाचकांस करून द्यावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

अन्नसुरक्षा आणि अन्नस्वराज्य

मे १९९३ मध्ये बेल्जियममधील मॉन्स या गावी अनेक देशांतील शेतकरी संघटनांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी ‘ला विया कांपेसिना’ ही संघटना स्थापन केली. या स्पॅनिश नावाचा अर्थ शेतकऱ्याची वाट, असा आहे. त्या काळी जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटी अखेरच्या टप्प्यात होत्या आणि शेती हा विषय प्रथमच त्या कराराच्या कक्षेत पुरतेपणी येत होता. ज्यांच्या पोटाचा प्रश्न, ते मात्र त्या वाटाघाटींच्या टेबलाजवळ कोठेही नव्हते. आज या संघटनेचा विस्तार सुमारे ऐंशी देशांत झाला आहे. भूमिहीन मजूर, छोटे शेतकरी, पशुपालक आणि आदिवासी असे नाना प्रकारचे लोक तीत आहेत.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, रोम येथे जागतिक अन्न परिषद भरली. तेथे सरकारांनी ‘अन्नसुरक्षे’ची व्याख्या केली. प्रत्येकाला सदासर्वकाळ पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळावे, असा तिचा आशय. यात गैर काहीच नाही. परंतु ते अन्न कोणी पिकवावे, कोणत्या बियाण्याने पिकवावे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयी ती व्याख्या मौन पाळते. सात समुद्रांपलीकडून जहाजाने धान्य आले आणि ते लोकांना मिळाले, तरी अन्नसुरक्षा झालीच! शेतकऱ्यांनी त्याच परिषदेच्या वेळी दुसरा शब्द पुढे ठेवला. इंग्रजीवरून त्याचे भाषांतर ‘अन्न-सार्वभौमत्व’ असे करतात. मला विचाराल तर आपल्या भाषेत त्यासाठी अधिक सुटसुटीत आणि अधिक ओळखीचा शब्द आहे : अन्नस्वराज्य. आपले अन्न आणि आपली शेती कशी असावी, हे ठरविण्याचा हक्क पिकविणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा आहे, व्यापाऱ्याचा नव्हे, एवढाच त्याचा साधा अर्थ.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. अन्नसुरक्षेला नाके मुरडण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. २०१३ च्या कायद्याने आपल्या देशातील कोट्यवधी लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क मिळाला. आमच्या शाळेत दुपारच्या जेवणासाठीच येणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यापुढे स्वराज्याचे व्याख्यान झोडणे हा निव्वळ उद्धटपणा ठरेल. मात्र आजचे जेवण मिळणे आणि उद्याचे जेवण आपल्या हातात असणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीवाचून माणूस जगत नाही. दुसरीवाचून तो कायमचा रांगेत उभा राहतो.

दोन एप्रिल

माझे वडील तंबाखू करीत. दीड एकराचे मालक. एप्रिल १९८१ मध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे जे आंदोलन झाले, त्यात तेही पुणे-बंगळूर रस्त्यावर भाकरी बांधून बसले होते. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. हजारो शेतकऱ्यांनी तो हमरस्ता रोखून धरला होता आणि रात्री रस्त्यावर भजने चालत, असे वडील पुढे अनेक वर्षे सांगत. शेवटी पोलिसांचा गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. वडील घरी परतले, ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. आमच्या भागात एप्रिल महिना आला की जुन्या माणसांना ती आठवण अजूनही होते.

पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या वाचनात आले, की जगभरच्या शेतकऱ्यांचाही एक एप्रिल आहे. १७ एप्रिल १९९६ रोजी ब्राझीलमधील एल्दोरादो दोस काराजास या ठिकाणी, जमिनीच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरलेल्या भूमिहीनांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एकोणीस जण ठार झाले. त्याच सुमारास विया कांपेसिनाची दुसरी परिषद मेक्सिकोत त्लास्काला येथे भरली होती. बातमी तेथे पोचली आणि तेव्हापासून १७ एप्रिल हा दिवस शेतकरी संघर्षाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो. त्या माणसांची भाषा मला कळत नाही, त्यांचे पीक मी पाहिलेले नाही. परंतु रस्त्यावर भाकरी बांधून बसलेला माणूस मला पुरता ठाऊक आहे. तो माझ्या घरात होता.

दोन नेते, दोन वाटा

या चळवळीशी आपला संबंध केवळ भावनेचा नाही. निपाणीच्या आंदोलनाचे नेतृत्व शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी केले होते. कर्नाटकात प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांची राज्य रयत संघ ही संघटना होती. हिरवी शाल खांद्यावर टाकलेले रयत संघाचे कार्यकर्ते आणि छातीवर लाल बिल्ला लावलेले जोशींचे अनुयायी आमच्या तालुक्यांत एकाच बाजारात, कधी कधी एकाच घरातही दिसत. आणि हे दोघेही नेते जग पाहिलेले! जोशी हे स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या कार्यालयातील नोकरी सोडून आलेले, तर नंजुंडस्वामी कायद्याचे प्राध्यापक.

व्यापार कराराचा डंकेल मसुदा आला आणि दोघांच्या वाटा फुटल्या. नंजुंडस्वामींच्या मते हा करार म्हणजे बियाण्यावर परदेशी कंपन्यांची मालकी होती. डिसेंबर १९९२ च्या अखेरीस रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरमधील कारगिल या बियाणे कंपनीच्या कार्यालयात घुसून तेथील कागदपत्रे रस्त्यावर आणून जाळली. २ ऑक्टोबर १९९३ रोजी त्याच शहरात बियाणे सत्याग्रहाचा प्रचंड मेळावा झाला. रयत संघ विया कांपेसिनाच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी एक बनला. १९९९ च्या उन्हाळ्यात तर चारशे-पाचशे शेतकऱ्यांचा एक तांडा युरोपभर फिरला. त्यातील बहुतेक भारतीय होते. ज्यांनी आयुष्यात बंगळूर धड पाहिले नव्हते, असे लोक जर्मन आणि फ्रेंच शेतकऱ्यांच्या गोठ्यांत उतरले, त्यांच्याशी दुभाष्यामार्फत दुधाच्या भावाविषयी बोलले. युरोपातील शेतकरी म्हणजे आपला शत्रू, अनुदानावर माजलेला, अशी समजूत घेऊन निघालेल्यांना तेथे काय दिसले? तेथेही छोटा शेतकरी दर वर्षी कमी होत होता आणि तोही कर्जातच होता.

शरद जोशींचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. शेतकऱ्याला लुटते ते आपलेच सरकार. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी ही त्याची हत्यारे. तेव्हा बाजार खुला करा, तंत्रज्ञान खुले करा आणि शेतकऱ्याच्या पायांतील बेड्या तोडा, असे ते सांगत. त्यांनी डंकेल मसुद्याचे स्वागत केले. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत उठली नाही. त्या काळात भाव कोसळल्यावर नाशिकचा कांदा उत्पादक कोणाला शिव्या देत होता? परदेशी कंपनीला नव्हे.

या दोघांत खरा कोण, असे माझे विद्यार्थी मला विचारतात. एकाला वेस उघडी हवी होती, दुसऱ्याला ती राखलेली हवी होती. हा भेद शब्दांच्या कसरतीने मिटणारा नाही, आणि तो मिटला असे मी म्हणणारही नाही. मात्र एका ठिकाणी दोघांचा सूर एक आहे. विकण्याचा निर्णय शेतकऱ्याचा असावा, असे जोशी म्हणत होते. पेरण्याचा निर्णय शेतकऱ्याचा असावा, असे नंजुंडस्वामी म्हणत होते. निर्णय कुणाचा, हा प्रश्न दोघांनीही सोडला नाही. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याला १८८३ पासून आता सव्वाशेहून कितीतरी अधिक वर्षे लोटली. शेतकऱ्याचे दारिद्र्य दैवाने आलेले नाही, त्याला कर्ते आहेत, हे त्या पुस्तकाने आपल्याला तेव्हाच शिकविले होते.

रयत संघाच्या त्या आंदोलनांचा आणि देशभरच्या अशाच दबावाचा एक परिणाम आपल्या कायद्यात दिसतो. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे आणि नाममुद्रेशिवाय विकणेही मोकळे ठेवले. हे केवळ कागदावरचे नाही. २०१९ च्या वसंतात गुजरातेतील काही बटाटा उत्पादकांवर पेप्सिको कंपनीने आपला नोंदलेला वाण लावल्याबद्दल प्रत्येकी कोटीच्या घरातील भरपाईचे दावे लावले. देशभर ओरड झाली, या कायद्याकडे बोट दाखविले गेले आणि मे महिन्यात कंपनीने ते दावे मागे घेतले. आबांच्या डब्यातील शाळूला असे कायद्याचे पाठबळ आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर तोपर्यंत मलाही नव्हते.

प्राणाची किंमत

या वाटेवर सारे काही मेळावे आणि ठराव यांत भागले नाही. दक्षिण कोरियातील ली क्यूंग हे हा शिकलासवरलेला शेतकरी होता. डोंगराळ भागात त्याने आदर्श शेती उभारली, शेतकऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. आयात खुली झाल्यावर भाव पडले आणि कर्जापायी त्याची जमीन गेली. १० सप्टेंबर २००३ रोजी मेक्सिकोतील कान्कुन येथे जागतिक व्यापार संघटनेची परिषद चालू असता, बाहेरच्या कुंपणावर त्याने सर्वांदेखत आपले जीवन संपविले. ही संघटना शेतकऱ्यांना मारते, अशा अर्थाची पाटी त्याच्या अंगावर होती. तो छप्पन्न वर्षांचा होता.

विदर्भ-मराठवाड्यातील बातम्या वाचणाऱ्या मराठी माणसाला या घटनेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मरणाने प्रश्न सुटतो, असे मी कधीही म्हणणार नाही. वर्गात तर नाहीच नाही. परंतु आपल्याकडे घराच्या आढ्याखाली एकट्याने मरणाऱ्याच्या पंचनाम्यात ‘कर्जबाजारीपणा’ किंवा ‘व्यसन’ एवढेच लिहिले जाते. ली यांनी कारणाच्या जागी एक नाव लिहिले. ते नाव बरोबर होते की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालोत. ते लिहिले गेले, ही गोष्ट मात्र जगभरच्या शेतकऱ्यांनी विसरली नाही.

सनदशीर वाटही याच माणसांनी शोधली. फेब्रुवारी २००७ मध्ये आफ्रिकेतील माली देशात सेलिंगे या गावी सुमारे ऐंशी देशांतील पाचशेहून अधिक प्रतिनिधी जमले. त्या परिषदेला न्येलेनी हे नाव दिले होते. न्येलेनी ही मालीच्या लोककथांतील एक शेतकरी स्त्री. पुरुषांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहून सरस शेती करून तिने कीर्ती मिळविली, असे सांगतात. इंडोनेशियातील शेतकऱ्यांनी या शतकाच्या आरंभी शेतकऱ्यांच्या हक्कांची एक सनद लिहिली होती. ती हळूहळू जिनिव्हाच्या दालनांपर्यंत पोचली. १७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकरी आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्या लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. बाजूने १२१ मते पडली, विरुद्ध ८, आणि ५४ देश तटस्थ राहिले. भारताने बाजूने मत दिले. बियाण्याचा हक्क, जमिनीचा हक्क आणि रास्त उत्पन्नाचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत आहेत. जाहीरनामा कोणत्याही सरकारावर बंधनकारक नाही, हे खरे. तथापि शेतकऱ्यांनी लिहिलेला मजकूर जगाच्या सभागृहापर्यंत न्यायला दीड तपाच्या आसपास काळ लागला, आणि तो नेणारे हात नांगर धरणारे होते, ही गोष्ट लहान नव्हे.

पाऊस कोणी बिघडविला?

आता आबांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. २०१९ च्या पुरानंतर सीमेच्या अलीकडचे लोक म्हणाले, कोयनेतून पाणी सोडले म्हणून आम्ही बुडालो. पलीकडचे म्हणाले, अलमट्टीत पाणी अडविले म्हणून आम्ही बुडालो. दोन्ही बाजूंनी पंचनाम्यात आरोपी म्हणून शेजाऱ्याचे नाव घातले. धरणांच्या व्यवस्थापनाचा प्रश्न खोटा नाही, पूररेषेत घरे आणि गुऱ्हाळे बांधणारे आपणच, हेही खरे. परंतु एवढा पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो कसा, हे कोणी विचारीना. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्याची वाफ आपल्या डोक्यावर रिती होते. एखाद्या एकाच पुराचा सारा दोष तापमानवाढीवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण फासे कोणीतरी जड केले आहेत, हे नक्की. आणि ते आबांनी केलेले नाहीत. भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कर्बवायू हवेत सोडतो. अमेरिकन माणूस त्याच्या सहा-सातपट. आबांचा वाटा तर त्या दोन टनांतही किती असेल?

आरोपीचे नाव घालून पंचनामा लिहिण्याचे धाडस दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या एका शेतकऱ्याने केले. साउल लुसियानो लियुया हा वारास या शहराचा रहिवासी. शेती करतो आणि पर्वतारोहकांचा वाटाड्या म्हणूनही काम करतो. त्याच्या गावावर अँडीज पर्वतात पाल्काकोचा नावाचे सरोवर आहे. हिमनद्या वितळत असल्याने ते फुगत चालले आहे. १९४१ मध्ये ते फुटले तेव्हा हजाराहून अधिक माणसे दगावली होती. २०१५ मध्ये साउलने जर्मनीतील एसेनच्या न्यायालयात आर.डब्ल्यू.ई. या बड्या वीज कंपनीवर दावा लावला. एका जर्मन संस्थेने त्याला साह्य केले. त्याचा हिशेब शाळेतल्या गणितासारखा सरळ होता : जगातील औद्योगिक कर्बवायूंपैकी या कंपनीचा वाटा ०.४७ टक्के, तेव्हा आमच्या गावाच्या पूरसंरक्षणाच्या खर्चापैकी तेवढाच वाटा, सुमारे सतरा हजार युरो, तिने द्यावा. अधिक एक पैसाही नको.

मागणीचा हा नेमकेपणा मला फार मोलाचा वाटतो. ही भीक नव्हे आणि सूडही नव्हे. बांध फोडून माझ्या शेतात पाणी सोडणाऱ्या शेजाऱ्याकडे आपण ज्या न्यायाने भरपाई मागतो, तोच हा न्याय. फक्त शेजारी दहा हजार किलोमीटरवर राहतो. पहिल्या न्यायालयाने दावा फेटाळला. २०१७ मध्ये हाम येथील वरिष्ठ न्यायालयाने तो चालविण्यास घेतला. न्यायालयाचे तज्ज्ञ सरोवर पाहून आले. २८ मे २०२५ रोजी निकाल लागला. साउलच्या घराला असलेला धोका पुरेसा निकटचा नाही, म्हणून दावा नामंजूर झाला. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले, की मोठ्या प्रमाणावर कर्बवायू सोडणाऱ्यांना त्याच्या दूरवरच्या परिणामांसाठी तत्त्वतः जबाबदार धरता येते.

दुसरी गोष्ट शिक्षकाला विशेष अभिमान वाटावा अशी आहे. २०१९ मध्ये, म्हणजे आमची शाळा पूरग्रस्तांची छावणी झाली त्याच वर्षी, प्रशांत महासागरातील वानुआतू येथे कायद्याच्या एका वर्गातील सत्तावीस विद्यार्थ्यांनी एक कल्पना मांडली. ज्यांच्या बेटांना समुद्र गिळतो आहे, अशा निरनिराळ्या देशांची ती मुले होती. हवामानाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच का विचारू नये? वानुआतू सरकारने ती उचलून धरली, इतर देशांची तरुण मंडळी सामील झाली, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील न्यायालयाने एकमताने आपले मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याचा भंग झाल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते, असे त्या मताचे तात्पर्य. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे. तरीही एका वर्गातील फळ्यावरून निघालेला प्रश्न जगाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत पोचला!

घरचा अभ्यास

पुरानंतर मी मुलांना एक घरचा अभ्यास दिला होता. आपल्या घरी पूर्वी काय काय पेरत, हे आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. वह्या आल्या. शाळू, हुलगे, मटकी, राळे, वरी, नाचणी, कारळे, तीळ, जवस, अंबाडी. एका मुलीच्या वहीत भाताचेच सात प्रकार होते. ही सारी माहिती आज्यांकडून आली होती, आजोबांकडून जवळजवळ नाहीच. गाडग्यात राख घालून बी राखणारे हात बायकांचेच. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम नेटाने केले आणि २०२० च्या पद्मश्री किताबाच्या यादीत त्यांचे नाव आले. परंतु तोवर अशा कित्येक गाडग्यांना फडताळात जागा उरली नव्हती. आज त्या मुलांच्या शिवारात काय आहे? ऊस, आणि पुन्हा ऊस. तो कोणी सक्तीने लावला नाही. कारखान्याचा भाव ठरलेला, म्हणून आम्हीच लावला. तेव्हा आरोपीच्या जागी नाव लिहिताना एक ओळ स्वतःसाठीही मोकळी ठेवावी लागते.

मात्र त्या ओळीचा आकार तेवढाच असावा, जेवढा आपला वाटा आहे. हवामान न्यायाची सारी मागणी याहून अधिक काही नाही.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आबा शाळेवरून चालले होते. त्यांना हाक मारून मी साउलची गोष्ट सांगितली. ते पायरीवर बसून शांतपणे ऐकत होते.

“मग निकाल काय लागला म्हणायचा?”

“दावा हरला, आबा.”

“आनि कंपनीचं नाव?”

“ते कोर्टानं खोडलं नाही. असा दावा करता येतो, असं लिहून ठेवलंय.”

आबांनी काठी टेकून उठता उठता मान हलवली. “मग अर्धा पंचनामा झाला की, गुर्जी,” ते म्हणाले, आणि आभाळाकडे एकवार पाहून शेताच्या वाटेला लागले. पेरणी खोळंबली होती.